शूटिंग झालं, पण डेटा सेफ आहे का? लॅपटॉपचे पोर्ट, कार्ड अन् हार्डडिस्क घेताना काय बघावं

जळगाव/धुळे : आखाजीच्या आगेमागे खान्देशात लग्नांचा धडाका असतो. मोठी तिथी असली की शूटिंगवाला सकाळी अमळनेरला अन् संध्याकाळी पारोळ्याला. कॅमेरा चांगला असतो, ड्रोनही असतो. पण काम बिघडतं ते रात्री घरी आल्यावर, कार्ड लॅपटॉपला लावताना. कधी कॉपी अर्ध्यात थांबते, कधी लॅपटॉपमध्ये जागा नसते, कधी कार्ड "फॉरमॅट करा" म्हणतं. लग्नात टाळी लागते तो क्षण पुन्हा येत नाही. नवरीच्या आजीने दिलेला आशीर्वाद परत शूट करता येत नाही. गेला तर गेलाच. मग नवरदेवाकडचे रोज फोन करतात, "भाऊ, पेनड्राइव्ह कव्हय देशी?" अन् शूटिंगवाल्याकडे उत्तर नसतं.

हा प्रश्न आता फक्त शूटिंगवाल्यांचा राहिलेला नाही. गावागावांत पोरं अहिराणी गाणी शूट करतात. हरिनाम सप्ताहाचं कीर्तन यूट्यूबवर लाइव्ह जातं. रावेर-यावल पट्ट्यात वादळाने केळी आडवी झाली की शेतकरी आधी मोबाइल काढून व्हिडिओ घेतो. शूटिंग सगळ्यांना जमायला लागलं. ते लॅपटॉपमध्ये नीट घेणं अन् जपून ठेवणं मात्र अजून बऱ्याच जणांना जमत नाही. त्यात पैसे कुठे घालावेत अन् कुठे वाचवावेत, ते समजून घेऊ.

दोन व्हीसीआरपासून मोबाइलपर्यंत

आपल्या भागाला हे वेड नवीन नाही. धुळ्याला लागून असलेल्या मालेगावात नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या माणसाने २००० साली 'मालेगाव के शोले' हा सिनेमा काढला. यंत्रमागाच्या गावातले साधे लोक त्यात नट होते. रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी सिनेमा याच मंडळींवर आहे, तो फेब्रुवारी २०२५ मध्ये थिएटरला लागला. त्या काळी एडिटिंग म्हणजे दोन व्हीसीआर जोडायचे. एकावर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढा भाग रेकॉर्ड करायचा. प्रत्येक कॉपीला चित्र थोडं फिकं पडायचं.

आता तसं नाही. फाइल शंभर वेळा कॉपी केली तरी चित्र तेच राहतं. पण कॅसेट निदान हातात धरता येत होती, कपाटात वीस-वीस वर्षं पडून राहत होती. फाइल एका चुकीच्या बटणाने जाते.

आधी हिशोब : एका तासाला किती जागा लागते?

कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ५० एमबीपीएस, १०० एमबीपीएस असं लिहिलेलं असतं. हे मेगाबिट असतात. आपण जागा मोजतो ती मेगाबाइटमध्ये, म्हणजे एमबीत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आकड्याला ८ ने भागायचं. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. मिनिटाला ७५० एमबी. तासाला ४५ जीबी.

५० एमबीपीएसवर फुल एचडी शूटिंग केलं तर तासाला साधारण २२ ते २३ जीबी लागते. मोबाइलवर ४के शूटिंगला मिनिटाला साधारण ३५० एमबी, म्हणजे तासाला २१ जीबीच्या आसपास. मोबाइलच्या सेटिंगमध्ये एचईव्हीसी किंवा एच.२६५ निवडलं तर साधारण निम्म्या जागेत काम भागतं.

आता समजा, हळद, लग्न अन् वरात मिळून दोन कॅमेऱ्यांवर सहा तासांचं शूटिंग झालं, तेही १०० एमबीपीएसने. ते झालं २७० जीबी. ५१२ जीबीचा लॅपटॉप विंडोज उघडल्यावर ४७६ जीबीच दाखवतो. यात दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते अन् विंडोज १०२४ च्या पटीत. त्यात विंडोज अन् एडिटिंगचे सॉफ्टवेअर आले. म्हणजे एका लग्नातच लॅपटॉप भरतो. दुसरं लग्न कुठे ठेवणार?

पोर्ट : तोंड सारखं, वेग वेगळा

पोर्ट म्हणजे केबल, पेनड्राइव्ह खुपसायची जागा. शेतकऱ्याला हे लगेच समजेल. विहिरीवर साडेसात एचपीची मोटर बसवली, पण मधला पाइप एक इंची ठेवला तर पाणी एक इंचाचंच येणार. कार्ड, रीडर, केबल, पोर्ट अन् डिस्क या पाचपैकी जे सगळ्यात हळू असेल, त्याच वेगाने कॉपी होते. बाकी चारांवर घातलेला पैसा वाया.

यूएसबी २.० हा जुना पोर्ट. कागदावर ४८० एमबीपीएस. प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० एमबी मिळतात. वरचं २७० जीबीचं लग्न यातून उतरवायला दोन तासांच्या वर लागतात. माउस, कीबोर्डला हा पोर्ट ठीक आहे, शूटिंग उतरवायला नाही.

यूएसबी ३ म्हणजे ५ जीबीपीएस. प्रत्यक्षात सेकंदाला ४०० एमबीपर्यंत जातो. गोंधळ नावाचा आहे. ३.०, ३.१ जेन १ अन् ३.२ जेन १ ही तिन्ही नावं एकाच वेगाची आहेत. म्हणून नावाकडे न बघता ५, १० किंवा २० जीबीपीएस हा आकडा बघायचा. बऱ्याच लॅपटॉपला या पोर्टच्या आतली पट्टी निळी असते किंवा शेजारी 'एसएस' अशी खूण असते. पण सगळ्याच कंपन्या निळा रंग देत नाहीत.

टाइप-सी हे फक्त तोंडाच्या आकाराचं नाव आहे. त्यावरून वेग कळत नाही. एकाच आकाराच्या पोर्टमागे कुठे यूएसबी २.० असतं, कुठे १० जीबीपीएस, तर कुठे ४० जीबीपीएसचं थंडरबोल्ट. थंडरबोल्टशेजारी विजेच्या बाणाची खूण असते. मोबाइलचंही तसंच. साध्या आयफोन १५ ला टाइप-सी आहे, पण वेग यूएसबी २.० चाच. १५ प्रोला १० जीबीपीएस. कमी किमतीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनचाही टाइप-सी २.० चाच असतो. अशा फोनला महागडी केबल लावून उपयोग नाही.

उलटही होतं. फोन अन् लॅपटॉप दोन्ही वेगाचे, पण केबल चार्जरसोबत आलेली. चार्जिंगच्या बऱ्याच केबली डेटा २.० च्याच वेगाने नेतात. काही स्वस्त केबलींतून तर डेटा जातच नाही. घेताना "चार्जिंगची नको, १० जीबीपीएस डेटाची द्या" असं स्पष्ट सांगावं.

यूएसबी हबचं पण लक्षात ठेवा. एका पोर्टला हब लावून त्यात कार्ड रीडर अन् हार्डडिस्क दोन्ही खुपसले तर एकाच पाइपला दोन नळ लागले. कॉपी करताना रीडर एका पोर्टला, डिस्क दुसऱ्याला लावावी.

एचडीएमआय हा बाहेर जायचा रस्ता

ही चूक सर्रास होते. कीर्तन किंवा कुस्तीची दंगल लाइव्ह करायची म्हणून पोरं कॅमेऱ्याची एचडीएमआय केबल थेट लॅपटॉपच्या एचडीएमआयमध्ये लावतात अन् चित्र येत नाही म्हणून केबलला दोष देतात. लॅपटॉपचा एचडीएमआय हा टीव्ही, प्रोजेक्टरला चित्र पाठवण्यासाठी असतो. त्यातून चित्र आत येत नाही.

आत घ्यायचं तर मध्ये कॅप्चर कार्ड लागतं. कॅमेऱ्याची एचडीएमआय केबल त्यात जाते अन् ते लॅपटॉपच्या यूएसबीला लागतं. बाजारात पेनड्राइव्हएवढी स्वस्त कॅप्चर कार्डं मिळतात, खोक्यावर मोठ्या अक्षरात '४के' लिहिलेलं असतं. त्यातली बहुतेक यूएसबी २.० ची असतात. ती ४के सिग्नल आत घेतात, पण लॅपटॉपला फुल एचडीच देतात, तेही दाबून. गावच्या सप्ताहाचं लाइव्ह त्यावर भागतं. पैसे घेऊन काम करणाऱ्याने मात्र यूएसबी ३ चं कॅप्चर कार्ड घ्यावं. शिवाय कॅमेऱ्यात कार्ड टाकून तिथेही रेकॉर्डिंग चालू ठेवावं. लाइव्ह तुटलं तरी मूळ शूटिंग हातात राहतं.

कार्ड : आकडा बघा, अन् खरं-खोटं तपासा

मेमरी कार्डवर मोठ्या अक्षरात १०० किंवा १५० असा वेग लिहिलेला असतो. तो वाचण्याचा वेग असतो. शूटिंगला लिहिण्याचा वेग लागतो. त्यासाठी 'व्ही३०'ची खूण बघायची. व्ही३० म्हणजे सेकंदाला निदान ३० एमबी सलग लिहिणार. १०० एमबीपीएसच्या शूटिंगला १२.५ एमबी लागतात, म्हणजे व्ही३० पुरतं. व्ही९० च्या महागड्या कार्डाची गरज लग्नाच्या शूटिंगला सहसा पडत नाही.

स्वस्तात मिळणारी १ टीबी, २ टीबीची कार्डं अन् पेनड्राइव्ह बहुतेक खोटी असतात. आत जागा ३२ किंवा ६४ जीबी, पण लॅपटॉपला २ टीबी दिसते. जागा संपली की नवीन फाइल जुन्यावर चढते किंवा हवेत जाते. कॉपी पूर्ण झाली असं दिसतं अन् उघडायला गेलं की काहीच नाही. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. नवीन कार्ड, पेनड्राइव्ह आणलं की आधी त्यावर रिकामंच तपासून घ्यावं, मगच लग्नाला न्यावं.

आणखी एक नेहमीची अडचण. पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी मोठी फाइल जात नाही, "फाइल टू लार्ज" येतं. तो पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतला माल दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलं की काम होतं.

हार्डडिस्क की एसएसडी?

हार्डडिस्कमध्ये चकती फिरते. छोट्या पोर्टेबल डिस्कचा वेग सेकंदाला १०० ते १३० एमबी. जागा जास्त अन् भाव कमी. पण चालू असताना धक्का लागला तर चकती खरवडते. टेबलावरून पडली, खाटेवर ठेवून कॉपी करताना पोराचा पाय लागला, की गेली.

एसएसडीत फिरणारं काही नसतं. साधी एसएसडी ५०० एमबीपर्यंत, चांगली १००० एमबीपर्यंत चालते. एडिटिंग त्यावरच करावं. पण स्वस्त एसएसडीची एक खोड असते. पहिले काही जीबी झपाट्याने घेते अन् मग वेग एकदम पडतो. छोट्या फाइलींना ते जाणवत नाही, २७० जीबी कॉपी करताना जाणवतं.

मग घ्यावं काय? काम करायला एसएसडी, साठवायला हार्डडिस्क. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवू नये, तिच्यातला डेटा हळूहळू जाऊ शकतो. जुनी लग्नं हार्डडिस्कवर ठेवा अन् तीही सहा महिन्यांनी एकदा लावून, दोन-चार फाइली चालवून बघा.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळाच. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा मोटारसायकलच्या डिकीत डिस्क अन् कार्ड दुपारभर ठेवू नका. कॉपी चालू असताना लाइट गेली तर डेस्कटॉप बंद पडतो अन् फाइल अर्धवट राहते, म्हणून यूपीएस लागतोच. लॅपटॉपला बॅटरी असते, पण कॉपी सुरू करण्याआधी ती किती आहे ते बघावं.

जुन्या कॅसेटी अजून वाचू शकतात

१९९५ नंतर आलेल्या मिनी डीव्ही कॅसेटी अजून अनेक घरांत अन् स्टुडिओत पडून आहेत. त्यात आता हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. या कॅसेटीतलं चित्र लॅपटॉपमध्ये घ्यायला फायरवायर नावाचा पोर्ट लागायचा. काही कॅमेऱ्यांवर त्याचं नाव आय-लिंक असं असतं. तो पोर्ट आता नवीन लॅपटॉपला येत नाही.

ऑनलाइन एक बाजूला यूएसबी अन् दुसऱ्या बाजूला फायरवायर अशी स्वस्त केबल मिळते. ती घेऊ नका, चालत नाही. दोन्हींची बोलण्याची भाषाच वेगळी आहे, नुसतं तोंड बदलून काही होत नाही. खात्रीचा रस्ता म्हणजे फायरवायरचं कार्ड बसवलेला डेस्कटॉप किंवा तो पोर्ट असलेला जुना लॅपटॉप. कॅसेट जितक्या वेळाची, तितकाच वेळ ती उतरवायला लागतो. एका तासाची कॅसेट साधारण १३ जीबी होते.

कॅमेऱ्याच्या पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांतून यूएसबी कॅप्चरने घेता येतं, पण चित्र थोडं उतरतं. व्हीएचएस कॅसेटला मात्र तोच रस्ता आहे. कॅसेटला बुरशी लागलेली दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये टाकू नका, पट्टी तुटेल अन् हेडही खराब होईल. कॅसेटी जुन्या होत चालल्या, चालवणारी यंत्रंही कमी होत चालली. पुढच्या वर्षी बघू म्हणण्यासारखं हे काम नाही.

लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे?

तरीही मार्ग आहे. बहुतेक नवीन अँड्रॉइड फोनला टाइप-सी पेनड्राइव्ह किंवा छोटी एसएसडी थेट लागते. फोनच्या फाइल मॅनेजरमधून कॉपी करता येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला व्हिडिओ म्हणजे बॅकअप नव्हे. तो दाबून लहान केलेला असतो, तारीख-वेळेची मूळ माहितीही त्यात टिकत नाही. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पीक नुकसानीचा व्हिडिओ असेल तर मूळ फाइल फोनमधून काढून टाकू नका, तिची एक कॉपी पेनड्राइव्हवर ठेवा. पुढे कोणी तारीख विचारली तर मूळ फाइलच कामाला येते.

गुगलवर १५ जीबी फुकट मिळतात, पण ते जीमेल, ड्राइव्ह अन् फोटो मिळून. ४के व्हिडिओ चाळीस-एक मिनिटांतच ती जागा संपवतो.

दोन कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसू नका

या कामात जगभर एक साधा नियम पाळतात. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर अन् त्यातली एक दुसऱ्या घरी. लॅपटॉपमध्ये एक, हार्डडिस्कवर एक अन् तिसरी मळ्यात किंवा भावाच्या घरी. घरात चोरी झाली, शॉर्टसर्किट झालं, तरी एक वाचते.

कार्डातून उतरवताना कट-पेस्ट कधीच करू नका, कॉपीच करा. मध्ये केबल हलली तर कट केलेली फाइल दोन्हीकडून जाऊ शकते. कॉपी झाल्यावर दोन्हीकडे फाइलींची संख्या अन् एकूण साइज जुळते का बघा. प्रत्येक मोठी फाइल सुरुवातीला, मध्ये अन् शेवटी उघडून चालवा. 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय डिस्क उपटू नका.

चुकून कार्ड पुसलं गेलं तर पहिलं काम म्हणजे ते कार्ड कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवणं. त्यावर पुन्हा एक मिनिटही शूटिंग करू नका. पुसलेल्या फाइली बऱ्याचदा तिथेच असतात, फक्त यादीतून नाव गेलेलं असतं. फोटोरेक हे मोफत सॉफ्टवेअर त्या शोधून देऊ शकतं, मोठ्या व्हिडिओची खात्री मात्र नसते. लॅपटॉपच्या एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल परत मिळणं त्याहून अवघड, कारण एसएसडी मागून लगेच जागा साफ करते.

दुकानात विचारायचे प्रश्न

- ५ किंवा १० जीबीपीएसचे यूएसबी पोर्ट किती? निदान दोन हवेत.
- टाइप-सीमधून डेटा किती वेगाने जातो? की फक्त चार्जिंगच होतं?
- एसडी कार्डाची जागा आहे का? नसेल तर यूएसबी ३ चा रीडर वेगळा घ्यावा लागेल.
- आत १ टीबी एसएसडी आहे का? नसेल तर दुसरी एसएसडी बसवायला मोकळा एम.२ स्लॉट आहे का?
- रॅम पुढे वाढवता येते का, की बोर्डालाच चिकटवलेली आहे?

बजेट कमी असेल तर लॅपटॉप थोडा साधा घ्या, पण हार्डडिस्क दोन घ्या. एडिटिंगला चार तास जास्त लागले तर चालतं, शूटिंगच गेलं तर कोणतंही एडिटिंग कामाचं नाही.

लग्नघरच्यांसाठीही एक सूचना. शूटिंगवाल्याकडे तुमचं लग्न जन्मभर राहणार नाही, पुढच्या सीझनला त्यालाही जागा लागते. अ‍ॅडव्हान्स देतानाच विचारून घ्या, की डेटा किती दिवस ठेवणार अन् कच्चं शूटिंग देणार का. पेनड्राइव्ह हातात आला की तो शोकेसमध्ये ठेवण्याआधी त्याच दिवशी त्याची एक कॉपी काढा.